दोन वर्षांची रिमॉर्गेज डील: व्याजदर पाहावा की एकूण खर्च?

मिल्टनकीन्सकर (ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. मिल्टन कीन्समधील आमच्या घराच्या कर्जाची दोन वर्षांची फिक्स्ड डील (दोन वर्षे ठरलेला व्याजदर) ३१ जानेवारी २०२६ रोजी संपत आहे. जानेवारी २०२४ मध्ये ती ५.३४ टक्के दराने घेतली होती. डील संपेल तेव्हा सुमारे २,००,००० पौंड मुद्दल आणि २५ वर्षांची मुदत शिल्लक असेल. शेजारच्या घरांच्या विक्रीवरून आमच्या घराची किंमत मी २,६०,००० पौंडांच्या आसपास धरतो.

रिमॉर्गेज करताना, म्हणजे त्याच घरासाठी कर्जाची नवी डील घेताना, पुन्हा दोन वर्षांचीच डील घ्यावी असे आम्हा दोघांच्या मनात आहे, कारण पुण्यात आईवडील एकटे आहेत आणि दीड-दोन वर्षांत परत जाण्याचा निर्णय घ्यावा लागेल अशी शक्यता आहे. पाच वर्षांसाठी बांधून घेणे म्हणूनच नको वाटते. आतापर्यंत चार पर्याय हाती आले आहेत. पहिला एका नव्या बँकेचा: दोन वर्षे ४.२० टक्के, ९९९ पौंड शुल्क. दुसरा एका बिल्डिंग सोसायटीचा: दोन वर्षे ४.५० टक्के, शुल्क नाही. तिसरा आमच्या सध्याच्या बँकेचाच, म्हणजे प्रॉडक्ट ट्रान्सफर: दोन वर्षे ४.६० टक्के, शुल्क नाही. चौथा ट्रॅकर आहे: बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ०.७४ टक्के अधिक, म्हणजे आज ४.७४ टक्के, त्याला शुल्क नाही आणि मध्येच कर्ज फेडले तरी दंड नाही. तिन्ही फिक्स्ड डीलमध्ये मुदतपूर्व फेडीचा दंड पहिल्या वर्षी २ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १ टक्का आहे.

तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर प्रत्येक डीलपुढे एपीआरसी नावाचा आकडा दिसतो आणि तो सगळीकडे सात टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे गोंधळ वाढला. शिवाय ७ ऑगस्टला बँक ऑफ इंग्लंडने दर ४ टक्क्यांवर आणल्यापासून कार्यालयातील सहकारी थांबण्याचा सल्ला देत आहेत. अशा डीलची तुलना नेमकी कशी करावी आणि आत्ताच अर्ज करावा की थांबावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अनघा_हॅरो

दादा, आधी एपीआरसीचे पाहू, कारण कमी मुदतीच्या डीलची तुलना तिथेच फसते. आपण डील संपल्यावर काहीही न करता उरलेली २३ वर्षे त्याच बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर, म्हणजे डील नसताना लागणाऱ्या बदलत्या दरावर, राहणार, असे गृहीत धरून पूर्ण मुदतीच्या वार्षिक खर्चाचा तो आकडा काढलेला असतो. तो दर फिक्स्ड दरापेक्षा बराच चढा असतो, म्हणून दोन वर्षांच्या प्रत्येक डीलचा एपीआरसी मोठा दिसतो आणि पाच वर्षांच्या डीलचा त्या मानाने लहान. दोन वर्षांनी पुन्हा डील बदलणाऱ्या किंवा घर विकणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा उपयोग नाही. आपण त्याकडे पाहूच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पाहायचा तो डीलच्या काळातला एकूण खर्च. त्यात तीन गोष्टी येतात: चोवीस महिन्यांत भरलेले व्याज, सगळी शुल्के, आणि मध्येच बाहेर पडलात तर दंड. अनेकजण फक्त मासिक हप्त्यांची वजाबाकी करतात, आणि ती अपुरी पडते. आपल्या आकड्यांवर ४.२० टक्क्यांचा हप्ता सुमारे १,०७८ पौंड येतो आणि ४.५० टक्क्यांचा सुमारे १,११२ पौंड. महिन्याला ३४ पौंडांचा फरक, म्हणजे दोन वर्षांत साधारण ८११ पौंड. तेवढ्यावर थांबले तर ९९९ पौंड शुल्क देणे तोट्याचे वाटते. पण कमी दराच्या कर्जात प्रत्येक हप्त्यातून मुद्दलही अधिक फिटते. चोवीस महिन्यांनंतर ४.२० टक्क्यांच्या कर्जात सुमारे १,९०,५५६ पौंड देणे उरते आणि ४.५० टक्क्यांच्या कर्जात सुमारे १,९०,९३५. हे ३७९ पौंडही आपलेच आहेत. दोन्ही मिळून फायदा सुमारे १,१९० पौंडांचा होतो, आणि शुल्क वजा जाता पहिला पर्याय १९० पौंडांनी स्वस्त ठरतो.

कागदावर पटकन ताडून पाहायचे असेल तर दरांतील फरकाला मुद्दलाने आणि वर्षांच्या संख्येने गुणावे: ०.३० टक्के, २,००,००० पौंड आणि २ वर्षे यांचा गुणाकार १,२०० पौंड येतो, जो खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ आहे. याच हिशोबाने ९९९ पौंडांचे शुल्क वसूल व्हायला दोन वर्षांच्या डीलमध्ये निदान १,६६,००० ते १,६८,००० पौंडांचे कर्ज असावे लागते. एखाद्याचे कर्ज १,००,००० पौंडांचे असेल, तर हीच ४.२० टक्क्यांची डील त्याला शुल्क नसलेल्या ४.५० टक्क्यांपेक्षा महाग पडेल. तुलनेच्या तक्त्यांत मात्र सर्वांना तीच डील वर दिसते, कारण तक्ता दरानुसार लावलेला असतो. डील जितकी कमी मुदतीची, तितके शुल्काचे ओझे अधिक; दर दोन वर्षांनी ते नव्याने भरावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरा पर्याय, म्हणजे सध्याच्या बँकेचे ४.६० टक्के, या हिशोबाने पहिल्यापेक्षा दोन वर्षांत सुमारे ५९० पौंडांनी महाग आहे. मात्र त्याचे काही फायदे आहेत आणि ते आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. नोकरी, व्हिसा, उत्पन्न यांत गेल्या दोन वर्षांत काही बदल झाला आहे का, ते कळवाल का?

थांबण्याबद्दल सांगायचे तर, थांबण्याची गरजच नाही. जून २०२३ मध्ये सरकार आणि बहुतेक मोठ्या कर्जपुरवठादारांनी मान्य केलेल्या मॉर्गेज चार्टरनुसार, सध्याच्या बँकेत डील संपण्याच्या काही महिने आधीपासून नवी डील राखून ठेवता येते आणि ती सुरू होईपर्यंत त्याच बँकेची तशीच पण अधिक स्वस्त डील आली तर तिच्यावर जाता येते. अशी डील राखून ठेवली आणि दर उतरले तर आपण बदलू शकता. चढले तर आपला दर सुरक्षित आहे. सप्टेंबर २०२२ च्या मिनी बजेटनंतर (सरकारच्या करकपातीच्या घोषणेने व्याजदर अचानक चढले तेव्हा) बँकांनी काही दिवसांत शेकडो डील बाजारातून काढून घेतल्या होत्या, आणि ज्यांनी आधीच दर राखून ठेवला होता त्यांना त्याचे मोल तेव्हा कळले.

आणखी एक गोष्ट. बँक ऑफ इंग्लंडने दर कमी केला म्हणजे फिक्स्ड डील त्याच प्रमाणात उतरतील, असे होत नाही. फिक्स्ड दर बाजारातील स्वॅप दरांवर (ठरावीक काळाच्या निश्चित व्याजासाठी बँका आपापसांत ठरवतात त्या दरांवर) ठरतात, आणि पुढे काय होणार याचा अंदाज त्या दरांत आधीच आलेला असतो. ७ ऑगस्टचा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला आणि त्यासाठी दर ठरवणाऱ्या समितीला दोनदा मतदान घ्यावे लागले. पुढची कपात ठरल्याप्रमाणे होईलच, असे मानण्यासारखी ही स्थिती नाही.

जोशीकाका_लेस्टर

अनघाताईंचा हिशोब चोख आहे, पण तो आपण पूर्ण चोवीस महिने राहणार असे धरून केला आहे. प्रश्नकर्त्याने स्वतःच लिहिले आहे की दीड वर्षात पुण्याला परतण्याची शक्यता आहे. मग हिशोब अठराव्या महिन्याचाही मांडायला हवा.

समजा आपण अठरा महिन्यांनी घर विकले. ४.२० टक्क्यांच्या डीलवर तोवर सुमारे १२,३९४ पौंड व्याज, ९९९ पौंड शुल्क आणि उरलेल्या मुद्दलावर १ टक्का दंड म्हणजे सुमारे १,९३० पौंड, असा एकूण १५,३२३ पौंड खर्च येतो. ट्रॅकरवर, दर आज आहे तसाच राहिला असे धरले तर, अठरा महिन्यांचे व्याज सुमारे १४,००४ पौंड होते आणि त्यावर दुसरे काही नाही. म्हणजे ट्रॅकर सुमारे १,३०० पौंडांनी स्वस्त. उलट पूर्ण दोन वर्षे राहिलात तर फिक्स्ड डीलचा खर्च सुमारे १७,४२४ आणि ट्रॅकरचा सुमारे १८,५६८ पौंड. तेव्हा फिक्स्ड डील ११५० पौंडांच्या आसपास स्वस्त ठरते. आपली निवड या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, आणि ती परत जाण्याची शक्यता आपण किती धरता यावर ठरेल. दर खाली आला तर ट्रॅकर आणखी स्वस्त होईल, वर गेला तर महाग. पाव टक्क्याची वाढ पूर्ण दोन वर्षे टिकली तर साधारण ९९० पौंडांचा फरक पडेल.

भारतातून आलेल्या आपल्या लोकांची इथे एक अडचण होते. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बदलत्या दराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केला, त्यामुळे बोनस आला की कर्जात भरावा आणि हवे तेव्हा दुसऱ्या बँकेत जावे, ही सवय आपल्याला आहे. इथे फिक्स्ड डीलमध्ये साधारणपणे वर्षाला शिल्लक मुद्दलाच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा रक्कम विनादंड भरता येते. विकताना सगळे कर्ज फेडणे म्हणजे ती मर्यादा ओलांडणेच आहे. डील दुसऱ्या घरावर नेण्याची सोय अनेक बँका देतात, पण पुण्याला जाणाऱ्याला तिचा काय उपयोग?

घर न विकता भाड्याने देऊन जाण्याचा विचार असेल, तर तेही आत्ताच विचारून घ्यावे. राहत्या घरासाठीचे कर्ज असताना घर भाड्याने द्यायला बँकेची लेखी परवानगी लागते. काही संस्था ती ठरावीक काळापुरतीच देतात, काही त्यासाठी शुल्क किंवा अधिक दर लावतात. परदेशी गेल्यावर डील संपली तर नव्या बँका कर्ज देताना फार हात आखडता घेतात, आणि मग सध्याच्या बँकेच्या प्रॉडक्ट ट्रान्सफरशिवाय फारसे काही उरत नाही. भाड्यावरील कराच्या बाबतीतही अनिवासी घरमालकांसाठी एचएमआरसीची, म्हणजे इथल्या करखात्याची, वेगळी योजना आहे. म्हणून डील निवडताना चार संस्थांपैकी कोणती भाड्याची परवानगी सहज देते, हाही तुलनेचा एक रकाना ठेवावा. कोणत्याही संकेतस्थळाच्या तक्त्यात तो सापडणार नाही.

मिल्टनकीन्सकर

अनघाताई, काका, मनापासून आभार. अठराव्या महिन्याचा हिशोब मी मांडलाच नव्हता.

विचारलेल्या गोष्टी कळवतो. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. पत्नी नोव्हेंबरपासून मातृत्व रजेवर जाईल, त्यामुळे काही महिने तिचे उत्पन्न कमी असेल. पुण्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचे भारतातील खाते) एका मुदतठेवीचे पैसे मोकळे झाले आहेत आणि त्यातले पाच-सहा हजार पौंड इकडे आणता येतील. ते कर्जात भरण्यात अर्थ आहे का? परत जाण्याबद्दल सध्या आम्ही दोघे निम्मी-निम्मी शक्यता धरतो.

सलील_एडिंबरा

मी काही वर्षे एका मॉर्गेज ब्रोकरच्या कार्यालयात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या नव्या माहितीने चित्र बरेच बदलते. नव्या बँकेकडे जाणे म्हणजे नवे कर्ज काढणेच असते. उत्पन्न, खर्च, क्रेडिट नोंद, व्हिसा, घराची किंमत, सगळे पुन्हा तपासले जाते. व्हिसाच्या बाबतीत प्रत्येक संस्थेचा नियम निराळा आहे: कोणी इथल्या वास्तव्याची किमान मुदत मागते, कोणी व्हिसाचा उरलेला काळ पाहते, कोणी घरात आपला स्वतःचा वाटा अधिक असावा म्हणते. मातृत्व रजेच्या काळात काही बँका कामावर परतण्याची तारीख आणि त्यानंतरचे वेतन सांगणारे मालकाचे पत्र घेऊन पूर्ण वेतन धरतात, काही धरत नाहीत. त्याच बँकेत प्रॉडक्ट ट्रान्सफर करताना मात्र कर्जाची रक्कम किंवा मुदत वाढवली नाही तर साधारणपणे यातले काही विचारले जात नाही; वकील लागत नाही, घर पाहायला कोणी येत नाही. अनघाताईंनी काढलेले ५९० पौंड ही त्या निश्चिंतीची किंमत आहे. ती द्यावी की नाही, हे आपल्या घरात यंदाच्या हिवाळ्यात कागदपत्रांसाठी कितपत वेळ आणि मनःस्थिती असेल, त्यावर ठरवा. माझे मत विचाराल तर आधी सध्याच्या बँकेची डील राखून ठेवावी, आणि ती हाताशी ठेवून ब्रोकरमार्फत बाहेर पाहावे. राखून ठेवलेली डील सुरू होण्यापूर्वी सोडून देता येते; तिच्यासाठी आगाऊ शुल्क नाही याची खात्री मात्र करून घ्यावी.

ब्रोकर निवडताना तो संपूर्ण बाजार पाहतो की मोजक्याच संस्था, तो आपल्याकडून शुल्क घेतो की बँकेकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर काम करतो, आणि सध्याच्या बँकेचे प्रॉडक्ट ट्रान्सफरही तो तुलनेत धरतो का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावेत. त्याचे नाव वित्तसंस्थांवर देखरेख करणाऱ्या एफसीएच्या नोंदवहीत पाहावे. काही संस्था काही डील फक्त थेट ग्राहकाला देतात आणि काही डील फक्त ब्रोकरमार्फत मिळतात, म्हणून ब्रोकर असला तरी एखादी संध्याकाळ स्वतः शोधण्यात घालवावी. सरकारचे पाठबळ असलेल्या मनीहेल्परच्या संकेतस्थळावर तुलनेचा तक्ता आहे, आणि तिथे कोणी आपल्याला काही विकत नाही. अर्जापूर्वीच्या प्राथमिक होकारासाठी बँक क्रेडिट नोंदीची हलकी तपासणी करते की पूर्ण, हे विचारून मगच पुढे जावे, कारण थोड्या काळात अनेक पूर्ण तपासण्या नोंदीत दिसणे चांगले नाही.

आता त्या पाच हजार पौंडांबद्दल, जे माझ्या मते या सगळ्या चर्चेतले सर्वांत मोलाचे आहे. आपले २,००,००० पौंडांचे कर्ज २,६०,००० पौंडांच्या घरावर म्हणजे ७६.९ टक्के एलटीव्ही (घराच्या किमतीच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण) होते. बँकांचे दर ६०, ७५, ८०, ८५, ९० अशा टप्प्यांवर बदलतात, त्यामुळे ७६.९ टक्क्यांचे कर्ज ८० टक्क्यांच्या गटात मोजले जाते. ५,००० पौंड भरून मुद्दल १,९५,००० वर आणले की आपण नेमके ७५ टक्क्यांवर येता आणि सगळे चार पर्याय पुन्हा नव्या, बहुधा कमी दरांनी मांडता येतात. सध्याच्या डीलच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत ही रक्कम सहज बसते, म्हणजे दंड नाही.

मात्र घराची किंमत आपण धरता ती नव्हे, बँक धरते ती मोजली जाते. नव्या बँका रिमॉर्गेजमध्ये अनेकदा संगणकीय मूल्यांकनावर भागवतात, आणि सध्याची बँक जुन्या मूल्यांकनाला घरांच्या किमतीचा निर्देशांक लावते. बँकेने २,५०,००० पौंड धरले तर ५,००० भरूनही आपण ७८ टक्क्यांवर, म्हणजे त्याच गटात राहाल. म्हणून सध्याच्या बँकेने आपले घर किती किमतीचे धरले आहे ते ऑनलाइन खात्यात आधी पाहावे, पैसे नंतर भरावेत. आकडा फार कमी वाटला तर पुनर्मूल्यांकनाची विनंती करता येते.

अनघा_हॅरो

सलीलदादांनी एलटीव्हीचे लिहिले ते फार बरे झाले. पहिल्या उत्तरात मी तिकडे वळले नव्हते.

पुण्याच्या पैशांना वेळ लागतो. एनआरओ खात्यातून बाहेर पाठवताना बँक आयकरासंबंधी घोषणापत्र आणि बहुधा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागते, आणि इथली बँक किंवा वकील त्या रकमेचा उगम विचारू शकतो. ठेवीची पावती, व्याजाचे विवरण आणि पाठवणीचा पुरावा एकत्र ठेवावा. दिवाळीच्या सुट्ट्यांत पुण्यात कामे रेंगाळतात, तेव्हा सप्टेंबरातच सुरुवात केलेली बरी.

शक्यता निम्मी-निम्मी असेल तर काकांच्या दोन आकड्यांत ट्रॅकर आणि फिक्स्ड जवळजवळ तोलात उतरतात. अशा वेळी बाळ यायचे आहे आणि एकच पगार पूर्ण आहे, याला मी अधिक महत्त्व देईन आणि हप्ता ठरलेला ठेवेन. काकांचे मत वेगळे असू शकेल.

जोशीकाका_लेस्टर

वेगळे नाही. बाळाची बातमी आधी कळली असती तर मीही फिक्स्डच म्हटले असते. फक्त दुसऱ्या वर्षीचा दंड १ टक्क्याऐवजी अर्धा टक्का किंवा शून्य असलेली दोन वर्षांची डील मिळते का, ते ब्रोकरला शोधायला सांगा. दर पाव टक्क्याने अधिक असला तरी तुमच्या बाबतीत ती परवडू शकेल.

सलील_एडिंबरा

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. नव्या बँकेकडे जायचे ठरलेच, तर कर्ज हस्तांतरित होण्याची तारीख वकिलाला लेखी कळवावी. ३१ जानेवारी २०२६ हा शनिवार आहे, त्यामुळे वकिलाचे कार्यालय सोयीसाठी शुक्रवार ३० तारीख सुचवण्याची शक्यता आहे. तेव्हा जुनी डील चालूच असेल आणि एका दिवसासाठी सध्याच्या करारातील दंड, १ टक्का असेल तर सुमारे २,००० पौंड, भरावा लागेल. सोमवार, २ फेब्रुवारी ही तारीख मागावी. मधल्या दिवसांचे व्याज जुन्या बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटने पडेल, पण तो साडेसात टक्के धरला तरी २,००,००० पौंडांवर दिवसाला ४१ पौंडच होतात. आणि नव्या बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र किती महिने वैध आहे तेही पाहावे. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर काही संस्थांच्या पत्राची मुदत फेब्रुवारीपर्यंत पुरत नाही. तशा संस्थेकडे अर्ज ऑक्टोबरमध्ये करावा, मात्र तो पत्नीची रजा सुरू होण्याच्या आत पोचेल असे पाहावे.